गालिचा चुकलाय

शुक्रवारी आम्ही डोनाच्या तळघरात जमतो.
पिओरिया, इलिनॉय. बाहेर नोव्हेंबर,
नदीवरून आलेला वारा खिडकीच्या फटीत शीळ घालतो
आणि पडद्यावर चालू असतं एकोणीसशे त्र्याऐंशी.

मालिकेत एक गाव आहे, आमच्यासारखंच.
गावाखालच्या टेलिफोनच्या तारांत काहीतरी राहतं.
रात्री ते फोन करतं.
ज्याला ज्या आवाजाची भूक, त्या आवाजात बोलतं,
आणि मुलं अनवाणी मक्याच्या शेतात चालत जातात.

पहिली घंटी वाजली तेव्हा डोना किंचाळली,
भीतीनं नव्हे:
"अगं, हाच! मोहरीच्या रंगाचा!
आमच्या ओट्याशेजारी हाच टांगलेला होता!"
मग तिला वॉलपेपर ओळखू आला, मग बिस्किटांची बरणी,
मग त्या पोरीच्या आईचा स्वेटर.
ते तारांमधलं येऊन दोन माणसं घेऊन गेलं,
डोना अजून बरणीपाशीच.

व्हर्जिल चाळीस वर्षं ट्रॅक्टरच्या कारखान्यात होता,
मधली दोन वर्षं नव्हता.
पाचव्या भागापर्यंत तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, "यात सगळ्यांचे बाप सकाळी कामाला जातात."
रिमोट निनादच्या हातात होता. त्यानं आवाज जरा कमी केला.
व्हर्जिलनं चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले.

निनाद माझा मुलगा, एकोणनव्वदचा जन्म.
जो काळ पाहिलाच नाही, त्याची त्याला आठवण येते.
"किती बरं होतं ना आई,
सापडायचं नसलं की माणूस सापडायचाच नाही."
त्याची रेवा उशीआडून एका डोळ्यानं बघते.
"फोनला शेपूट का आहे?"
"पळून जाऊ नये म्हणून," मी म्हटलं.
तिला पटलं.

मला विचारतात, तुम्हाला भीती नाही वाटत?
मी म्हणते, गालिचा चुकलाय.
असा नारिंगी नव्हता. शेवाळी होता,
आणि त्याला आधीच्या भाडेकरूच्या कुत्र्याचा वास होता.
त्यावर बसून मी शनिवारी रात्री ऑपरेटरला नंबर सांगायची.
फोन मिरजेत औषधाच्या दुकानात.
तिथला मुलगा पळत जाऊन आईला बोलवायचा,
तोवर मिनिटामिनिटाला डॉलर गळत राहायचे.

मी म्हणायची, "आई."
दोन सेकंदांनी तारेतून कुणीतरी
माझ्याच आवाजात मला म्हणायचं, "आई."
मग तिचा आवाज, विहिरीच्या तळातून:
"बरी आहेस ना?"
"बरी आहे," मी म्हणायची.
"बरी आहे," ते म्हणायचं.
आम्ही दोघी खोटंच बोलायचो.
ते माझ्याहून सफाईनं बोलायचं.

हे मी तळघरात सांगितलं नाही.
गालिच्याचं तेवढं सांगितलं.

शेवटच्या भागात ती पोरगी मोठ्या कात्रीनं तार तोडते.
निनादनं टाळ्या वाजवल्या.
डोना म्हणाली, फार घाईत उरकलं.
नावं सरकू लागली, दिवा कुणी लावेना.

रेवानं उशी बाजूला केली.
"तुम्ही उचलला असता फोन?"

डोना म्हणाली, तीनदा वाजू देईन. मग उचलीन,
आणि रे असेल तर विचारीन, गॅरेजची किल्ली कुठे ठेवलीस.
व्हर्जिल म्हणाला, उचलीन, पण मी काही बोलणार नाही.
निनाद म्हणाला, अनोळखी नंबर मी घेतच नाही.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले.
मी म्हटलं, उचलीन. आणि थांबेन.
दुकानातला मुलगा जिना चढतोय,
आईला एक चप्पल सापडत नाहीये, ती तशीच निघालीय,
तेवढा वेळ तर लागणारच.
लगेच बोललं, तर समजेन,
ती नाही.