फोटोची परवानगी

जालन्याहून आम्ही सहाजण,
दोन आठवड्यांच्या सेवेसाठी बर्नलीला.
विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, कशासाठी?
शांतवनभाऊ म्हणाले, मिशन.
त्यानं कागद पाहिला, आम्हाला पाहिलं,
पाकिटावर पाठवणारा आणि घेणारा
यांची अदलाबदल झाल्यासारखा
थोडा वेळ घुटमळला, मग शिक्का मारला.

चर्चच्या तळघरात सकाळी सातला दिवे लागतात,
बाहेर नोव्हेंबरची रात्र अजून उठलेली नसते.
मिसेस ऑर्मरॉड चाव्यांचा जुडगा टेबलावर टाकतात,
बीन्स बघतेस की टोस्ट, लव्ह?
इथं बसवालाही लव्ह म्हणतो, पोस्टातली बाईही.
पहिल्या दिवशी मी पदराला हात घातला होता.

मग लेकरं येतात, शाळेच्या आधी,
बुटांत पाणी, दप्तराची चेन उघडी.
मला वाटायचं, या देशात कुणी उपाशी शाळेत जात नसेल.
मोठ्यानं बोलले नाही, तेवढं बरं केलं.

माझं इंग्रजी फळ्यावरचं,
त्यांचं अर्धं गिळलेलं.
म्हणून मी बटणं लावते.
बिस्किटांच्या डब्यात सुई, दोरा, सतरा रंगांची बटणं.
अंगावरचा कपडा शिवताना
तोंडात दोरा धरायचा असतो,
मी प्रत्येकाच्या दातांत एक तुकडा देते.
का, मिसेस ऑर्मरॉड विचारतात.
ठाऊक नाही. बोर्डिंगच्या मेट्रनबाई धरायला लावायच्या.
त्या मान डोलावतात, जणू हे कारण पुरेसं आहे.

डेक्लन दुसरा टोस्ट खिशात सरकवतो,
लोण्याची बाजू आत.
मी पाहिलं. मी पाहिलेलं त्यानंही पाहिलं.
मी किटली उचलायला वळले.
माझ्याही परकराच्या गाठीत
धाकटीसाठी भाकरीचा तुकडा असायचा,
ती मुलींच्या दुसऱ्या खोलीत होती, तापाची.

एकोणऐंशी साली आमच्याकडे मिस डोरीन आली होती.
तीन आठवडे.
तिनं आमचे केस धुतले, एक टाळ्यांचा खेळ शिकवला,
मला कडेवर घेतलं आणि कुणीतरी कॅमेरा उचलला.
माझे डोळे आले होते त्या आठवड्यात.
कुठल्या तरी गावात, कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये
मी आजही आठ वर्षांची आहे
आणि माझे डोळे कधीच बरे झालेले नाहीत.
परत येईन, म्हणाली होती.
फाटकाच्या गजांना गंज कसा लागतो
ते मला नीट माहीत आहे.

शेवटल्या दिवशी पाळकसाहेबांचा फोन:
मुलांसोबत फोटो काढा,
रविवारी मंडळीला दाखवू.
मिसेस ऑर्मरॉडनी कपाटातून एक फॉर्म काढला.
आईची किंवा बापाची सही लागते, लव्ह,
आणि आता वेळ नाही.
शांतवनभाऊ चिडले, मग दाखवायचं काय?
त्यांचंही खरं होतं. तिकिटं मंडळीनं काढली होती,
एस्तेरच्या सासूनं बांगडी मोडली होती.

मी त्या कोऱ्या फॉर्मकडे बघत बसले.
वर नाव, खाली रेघ.
त्या रेघेचा मला हेवा वाटला,
हे कबूल करायला इतकी वर्षं
आणि एवढा प्रवास लागला.

शेवटी आमचाच फोटो काढला:
सहाजण, टोस्टर, रिकाम्या खुर्च्या.
एस्तेरनं डोळे मिटलेत.

डेक्लन सगळ्यांत मागे राहिला.
परत येणार?
नाही, मी म्हटलं. बहुतेक नाही.
त्यानं मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी,
आणि बाही पुढे केली.
मनगटाचं बटण तुटलेलं.
कालच लावलं होतं मी, चार वेढे देऊन,
ते आपोआप तुटणारं नव्हतं.

मी काही बोलले नाही.
डब्यात तोच निळा रंग शोधला.
मी सुईत दोरा ओवेपर्यंत
त्यानं आपणहून एक तुकडा
दातांत धरला होता.