चौकटी कंस

हेगमधल्या या इमारतीत, चौथ्या मजल्यावर,
माझं काम एवढंच : कोण काय म्हणालं ते टिपायचं
आणि ज्या शब्दावर एकमत होत नाही
त्याला चौकटी कंसात बसवून ठेवायचं.

आज तिसरा दिवस. कलम सात.
'आई' हा शब्द सकाळपासून कंसात आहे.

अध्यक्ष चित्स्के वीर्समा
थर्मासमधली कॉफी कुणाला देत नाहीत, वेळही.
मोंतेविदेओच्या ओफेलिया इरुरेता म्हणतात,
मूल जिथे जन्मलं तिथला कायदा.
प्राध्यापक कुवाबारा म्हणतात, जिथे वाढणार तिथला.
कुणीतरी तळटीप दोनशे चौदा उघडून दाखवतं
की १९८७ साली दोघंही नेमकं उलट म्हणाले होते.
हसू पिकतं. मी हसू टिपत नाही.

प्रकरण असं, नावं बदलून
(बदललेली नावंही मला आता खरी वाटतात) :
तिबिलिसीत, गेल्या वर्षीच्या मार्चात,
नेस्तान नावाच्या बाईने एक मुलगी जन्माला घातली,
ट्रॉन्डहेमच्या जोडप्यासाठी.
तिबिलिसीचा कायदा म्हणाला : नेस्तान आई नव्हे, सूल्फ्रिद आई.
दाखला दिला. शिक्का निळा, ठसठशीत.
विमान काळ्या समुद्रावर चढलं.
ट्रॉन्डहेमचा कायदा म्हणाला : जिने जन्म दिला ती आई.
म्हणजे नेस्तान. जी केव्हाच घरी गेली होती,
दूध आटायच्या गोळ्या पर्समध्ये घेऊन.

कुठल्या ढगात आई बदलली
हे वैमानिकाने जाहीर केलं नाही.
बाळ ओकलं, सूल्फ्रिदने ओंजळ पुढे केली,
एवढं तिच्या पत्रात आहे.

पत्र कार्यवृत्तात येत नाही. खासगी पत्रं येत नाहीत,
जरी आमच्या शास्त्राच्या नावातच 'खासगी' आहे.

माझ्या भाषेत कंस हे एका मामाचंही नाव.
त्याच्या बंदिखान्यात एक बाळ जन्मलं,
त्याच रात्री नदीपार दुसऱ्या घरी गेलं
आणि दोन आयांचं होऊन वाढलं.
पलीकडच्या काठाने विचारलं नाही
अलीकडचा दाखला आणलाय का.
हे मी सभेत बोलले नाही. टिपणाऱ्याने बोलायचं नसतं.
शिवाय त्या गोष्टीत, बदल्यात, एक मुलगी उलट दिशेने नेली होती.
तिचं काय झालं ते आठवलं
आणि पेन जरा वेळ तसंच हातात राहिलं.

चहानंतर फिनलंडने सुचवलं : 'आई'ऐवजी 'पालक'.
सगळे सुटकेने पाणी प्यायले.
मग 'पालक' म्हणजे कोण, यावर पाऊण तास.
काचेआडची दुभाषी घसा खाकरत
तोच घास दोन भाषांत चावत राहिली.

पाचला मी लिहिलं :
[आई] [पालक] [जिने जन्म दिला ती व्यक्ती]
गोल कंस असता तर कवेसारखा तरी दिसला असता.
महिरपी असता तर निदान नटलेला.
हा चौकटी. चार काटकोन, आत एक बाई,
कधी कधी दोन.

चित्स्के म्हणाल्या, "नोव्हेंबरात पुढे नेऊ."
नोव्हेंबरात ती पावणेदोनची होईल.
बूट लागतील. तिथे तेव्हा बर्फ असतो.

पत्राच्या शेवटी सूल्फ्रिदने विचारलंय,
पाळणाघराच्या फॉर्मवर दुसऱ्या रकान्यात काय भरू?
मुलगी आता हाक मारते म्हणे.
काय म्हणून मारते, ते लिहिलेलं नाही.
सहीच्या आधी पेन्सिलीने एक शब्द आहे, लिहून खोडलेला.
उजेडाकडे धरला तर वाचता येईल.

नऊ नंबरची ट्राम आली.
मी कागदाची घडी घातली.