आधी डोळा

बरणी नंबर सदतीस. तारामासा.
मालवणच्या सहलीतून आणलेला,
कुठल्या साली, ते चिठ्ठीवरून पुसलं गेलंय.
चार हात पुरते,
पाचवा करंगळीच्या पेराएवढा.
पोरं विचारतात, मावशी, हा असाच जन्मला का?
मी म्हणते, मॅडमना विचारा.
ठाऊक असतं, तरी.

नाशिकला समुद्र नाही.
गोदावरी आहे, ती जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून
लांबच्या समुद्राला जाते.
तरी दुसऱ्या मजल्यावर, फॉर्मॅलिनच्या वासात,
समुद्राचे अकरा तुकडे आहेत
आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे.

दर सोमवारी फडकं मारते. डाव्या हातानं.
उजव्याला अंगठा आहे, तर्जनी आहे, करंगळी आहे,
मधल्या दोघी अंबडला राहिल्या
पॉवर प्रेसखाली, दुसऱ्या पाळीत,
चहाची शिटी व्हायला सात मिनिटं असताना.
सुपरवायझर कुलथे आधी मशीन बंद करायला धावला
की मला धरायला,
यावर माझं माझ्याशीच अजून भांडण आहे.
नंतर ऑफिसात एक छापील तक्ता दाखवला,
कुठल्या बोटाचे किती टक्के.
एक गेली ती तर अनामिका,
जिला नावच नाही,
तिचेही टक्के होते.

अहिरराव मॅडम शिकवत होत्या, मी ट्रे पुसत होते.
म्हणाल्या, याला रक्त नाही, मेंदू नाही,
अंगातल्या नळ्यांतून समुद्रच फिरतो.
हात तुटला तर आधी जखमेचं तोंड मिटतं,
मग महिने जातात, कधी वर्षही.
आणि पहिल्यांदा येतं ते टोक.
टोकावर डोळा असतो, उजेड-अंधार कळण्यापुरता.
तो आधी.
मधला हात मागाहून भरत येतो.

फडकं हातात तसंच राहिलं.
हे तर आमच्या मखमलाबादेत शेंबड्या पोरालाही कळतं!
ऑक्टोबर छाटणी झाली की बागेत नुसत्या काड्या,
एकेका डोळ्याला पेस्ट लावायची
आणि काही दिवसांनी बांधावरून कुणीतरी ओरडतं,
डोळे फुटले!
बाहेरगावचा माणूस धावतच येईल ऐकून.
आमच्याकडे त्या दिवशी चहात साखर जास्त पडते.

नणंदेच्या बागेत मीही जाते पेस्टला, रजा टाकून.
रबरी हातमोज्याची दोन बोटं रिकामी लोंबतात,
तारेत अडकतात,
म्हणून दातांनी गाठ मारते त्यांना.
वच्छला म्हणाली, कापूनच टाकू का ती?
मी नको म्हटलं.
का, ते तिला सांगता आलं नाही.
मलाही.

रात्री ती बोटं खाजतात. नसलेली.
डॉक्टर म्हणाले, मेंदूला अजून पटलेलं नाही.
मग ज्याला मेंदूच नाही
त्याला कसं कळतं, काय गेलं
आणि कुठवर वाढून थांबायचं?
मॅडमना विचारलं एकदा, जिन्यात.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, नीटसं अजून कुणालाच सांगता येत नाही, सिंधूताई.

बरणी खिडकीशी धरली की दिसतो
त्या पेराएवढ्या हाताच्या टोकाला एक ठिपका.
डोळा असेल, किंवा काचेतला बुडबुडा.
ओहोटीला कुणी उचललं तेव्हा
तो वाढत होता.
तेवढ्यातच आला असेल कुणीतरी, घाईचा,
बसच्या वेळेचा.

काल नवीन साठा-रजिस्टर आलं.
जुन्यात कुणा निवृत्त झालेल्याचं टपोरं अक्षर:
तारामासा, नग एक, पाचवा हात खंडित.
मी डाव्या हातानं उतरवायला बसले
पहिलीतल्या पोरीसारखी, जीभ दातांत धरून.
ओळ उतरणीला लागली.
तारामासा. नग एक.
शेऱ्याच्या रकान्यात थोडी थांबले,
मग लिहिलं,
पाचवा येतोय.