चेटकिणीचं काम

चौथीच्या गॅदरिंगला मगदूम बाई म्हणाल्या,
चेटकीण तू हो.
तुला फार रंगवायला नको.

वैजयंती खोत राजकन्या.
तिच्या गालाला पावडर,
माझ्या गालाला तव्याची काजळी, तीही बोटभरच.
ऐनवेळी बाईंना सुचलं,
चेटकिणीनं कानडीत ओरडावं, लोक हसतील.

मला येणारी कानडी एवढीच होती:
बारव्वा, ऊटा माड बा.
ये गं, जेवायला ये.
नखं वाकडी करून मी तेच किंचाळले
आणि लोक हसले.
निपाणीच्या त्या मांडवात अर्धे जण
घरी कानडीच बोलायचे,
तेही हसले.
आईचं माहेर गोकाककडचं.
तिनं घरी येऊन माझं तोंड खोबरेल लावून पुसलं,
बोलली काही नाही.

गोष्टीत कुणी विचारत नाही
चेटकिणीचे दात कशानं गेले,
पाठीला बाक कसल्या ओझ्यानं आला,
रानात एकटी ती इतकी वर्षं काय खाऊन राहिली.
राजकन्येचं मन चांगलं
हे आम्हाला तिच्या केसांवरूनच कळायचं.
कुरूप झालेल्या राजपुत्राला उःशाप असतो, हे मी वहीत लिहून ठेवलेलं.
कुरूप बाईला काय असतं,
ते पान कोरं.

आता स्टँडासमोर माझा फोटो स्टुडिओ आहे.
चिकोडी, संकेश्वर, इकडं कागलपर्यंतची स्थळं
माझ्या कॅमेऱ्यातून जातात.
जरा उजळ करा की, म्हणतात मराठीत,
कानडीतही तेच म्हणतात,
ह्या एका बाबतीत सीमाप्रश्न नाही.
मी माउस फिरवते.
तीळ जातो, देवीचे वण जातात,
हनुवटीवरचं गोंदण जातं.
तीस रुपये जादा.
कांडी शेवटी माझ्याच हातात आली म्हणायची.

मंगळवारी तंगेव्वा आली,
तंबाखूच्या वखारीत चाळीस वर्षं काढलेली.
पेन्शनच्या कागदाला फोटो हवा होता.
बोटं काळी, वरचे दोन दात पुढं,
एका डोळ्यात फूल.
सवयीनं माझा हात फिरलाच.
प्रिंट तिनं उजेडाला धरली,
उलटी करून मागंही बघितलं,
मग विचारलं, रागावून नव्हे,
हरवलेली पिशवी विचारावी तसं:
इदराग ना एल्लि?
ह्यात मी कुठाय?

दुसरी प्रिंट दिली, तशीच्या तशी.
तिनं स्वतःला नीट ओळखलं,
पैसे मोजले,
आणि बाकावर डबा उघडून बसली.
बारव्वा, म्हणाली, ऊटा माड बा.

दारात एक आई उभी होती, पोरीला घेऊन,
पदरानं तिचं नाक पुसत.
जरा उजळ, ती म्हणाली.
भाकरी माझ्या हातात होती.
मी पोरीकडं बघितलं.
ती तंगेव्वाकडं बघत होती,
जरा घाबरून.