नव्या सर्व्हेअरला चीन सांगताना

सील कापलंस? थांब, दर्पण. लगेच आत शिरू नकोस.
डब्यातली हवाही तिकडचीच असते,
निंगबोपासून इथवर कोंडून आलेली.
ती आधी उरणच्या वाऱ्यात मिसळू दे.

आमचं मिठागर बंदरात गेलं नि मी इथे लागलो,
तेव्हा मला चीन म्हणजे
गाडीवरचा भात आणि बासष्ट साल.
बासष्टच्या आधीची तीन वर्षं
तिकडे माणसं कोटींनी उपाशी मेली,
हे मला पन्नाशीत कळलं.

तू नदीपासून सुरू कर. पिवळी, गाळाने जड,
कूस बदलते आणि गावं निजल्या जागी बुडतात.
जो तिला वाट काढून देईल तो राजा.
पूर आला, पीक गेलं, की लोक म्हणायचे,
आभाळाने याच्या डोक्यावरचा हात काढला.
घराण्यांची नावं पाठ नको करूस,
ती येतात-जातात. नदी बघ.

एक सम्राट मात्र लक्षात ठेव.
त्याने सगळ्या गाड्यांचा आस एका मापाचा केला,
म्हणजे कुठल्याही रस्त्याच्या चाकोरीत कुठलीही गाडी बसावी.
हा डबा बघ, आठ फूट रुंद, इथेही, तिथेही.
मला तो माणूस इथे उभा राहून समजला.
पुस्तकंही त्यानेच जाळली.
मापं जुळवणाऱ्यांपासून जरा जपून.

चौदाशे वर्षांमागे त्यांचा एक भिक्षू
आपल्या मुलखात येऊन गेला. लिहिलं त्याने:
ही माणसं उपकार विसरत नाहीत, अपमानही नाही.
घरी सांगितलं तर बायको म्हणाली,
त्याला तुमची आई भेटली असणार.

चहा तिकडचा, हा शब्दसुद्धा.
तुझ्या हातातला कागद तिकडचा.
आणि आपण काय पाठवलं?
या खाडीपलीकडून, मुंबईच्या धक्क्यावरून,
माळव्याची अफू, पेट्याच्या पेट्या.
ते नको म्हणाले, तर गोऱ्यांनी तोफा नेल्या.
तेव्हाही कुणी धक्क्यावर उभा असेल,
कानाला बोरू लावून, पेट्या मोजत.
नग बरोबर. वजन बरोबर. सही.
त्याचं आडनाव मढवी नसेल कशावरून?

आता चल आत. टॉर्च डावीकडे धर.
खडूच्या खुणा दिसतात? लोडरच्या आहेत.
आपण चार काड्या उभ्या मारतो, पाचवी तिरकी.
ते पाच रेघांचं एक अक्षर काढतात,
एक रेघ, एक नग.
त्या अक्षराचा अर्थ विचारला होता मी एकदा,
जहाजावरच्या एका पोराला.
'सरळ' म्हणाला. मग जरा थांबून, 'बरोबर.'

आठ अक्षरं पुरी. नववं
तिसऱ्या रेघेवर थांबलंय.
त्रेचाळीस.

कागदावर चव्वेचाळीस आहेत.
मोज.