खडीला इस्त्री

सोमवारी बाग बंद.
रोसारिओच्या या पार्कात सोमवारी
फक्त नोर्मा आराकाकी
आणि तिच्या दाताळ्याची खरखर.

चाळीस वर्षं लाँड्रीत
परक्यांच्या शर्टांना इस्त्री केली,
आता खडीला करते :
आधी कॉलर, मग खांदे,
मग सगळी पाठ एका दमात.

जपान तिनं पाहिलेलं नाही.
बाप ओकिनावाचा, पण त्याच्याही घरामागं
रताळीच होती.

हे तीन दगड म्हणजे बेटं, असं फलक सांगतो.
त्यातल्या सपाट बेटावर
ती माते चहाचा थर्मास ठेवते.

आज कुंपणावरून चेंडू आला,
समुद्राच्या मधोमध धप्पकन बसला.
“सेन्योरा, पेलोता!”
जाळीतून चार बोटं, एक नाक.

ती रेघा तुडवत गेली.
इकडंतिकडं पाहिलं,
आणि डाव्या पायानं असा काही लगावला
की पोरं क्षणभर पळायचीच विसरली.

मग मागं सरकत सरकत
आपली पावलं पुसून काढली.
चेंडूचा खळगा तेवढा ठेवला.

उद्या लोक
फलकावर शोधत बसतील,
हे काय ते.