साधारण पाच किलो

वैशंपायन डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवर बोट ठेवलं,
हाडं विरळ व्हायला लागलीत, वजन उचला.
मी म्हटलं, एकोणसाठ वर्षं दुसरं काय केलं?
त्या हसल्या नाहीत.
कागदावर लिहिलं: आठवड्यातून तीनदा. पाठ सरळ.

म्हणून सियागंजात, भर साडेबाराला,
हातिमभाईंच्या दुकानात स्टूल ओढून बसलेय
बिडाच्या तबकड्यांच्या ढिगापाशी.
रंग वाळायच्या आधीच रचल्यात,
एकीचा ओघळ दुसरीला चिकटलाय.
वरच्या फळीवर रबर चढवलेल्याही आहेत,
नव्या चपलांच्या वासाच्या.
"बहनजी, वो ले जाइए, फर्श नहीं टूटेगा."
पण रबराखाली काय आहे ते दिसत नाही,
आणि मी वजन-मापे निरीक्षकाची मुलगी.

नाना सायकलवरून हिंडायचे, मल्हारगंज ते छावणी,
कॅरिअरला पितळी वजनांची पेटी, खिशात शिक्का.
बिडाच्या वजनाला पोटात एक भोक असतं,
त्यात शिसं ओततात.
कमी भरलं तर आणखी थोडं,
जास्त भरलं तर खरवडायचं,
मग वर ठोकायचा त्या सालाचा शिक्का.
लहानपणी मला वाटे, माणसालाही
असं भोक कुठेतरी असणार.
काट्याचा संशय आला की नाना
दोन्हीकडची वजनं अदलाबदल करून बघत.
तरी त्याच अंगाला झुकला,
तर वजनांना सोडून द्यायचे.

या तबकड्यांना ना शिसं, ना शिक्का.
नुसता फुगीर ५, ओततानाच शेपटी तुटलेला.
"काट्यावर ठेवा."
चार किलो सहाशे ऐंशी.
दुसरी, पाच एकशे दहा.
"हम तो तौल के ही देते हैं, आपका क्या नुकसान?"
नुकसान माझ्या मणक्यांचं, त्यांना कसं सांगू.
दांडीच्या दोन टोकांना दोघे खोटं बोलले
आणि वेगवेगळं बोलले,
तर मधलं माणूस वाकडं होतं.
दोघांनी एकच खोटं बोलावं, एवढंच माझं म्हणणं.

इरशाद एकेक उचलून ठेवतो,
मी पान्याने वाजवते.
ठण्ण. ठण्ण. एक मात्र थप्प,
आत केसाएवढी चीर.
ती बाजूला.
बिलाच्या पाठीवर मी आकडे मांडत जाते,
हातिमभाई घड्याळाकडे बघतात, मग माझ्याकडे,
मग चहा सांगतात.

अकरावी: चार आठशे चाळीस.
पाचवीही तेवढीच होती.
"पाचवी परत काढ बेटा."
ती अर्थातच सगळ्यात खाली.

नाना शेवटी अडतीस किलोंचे झाले होते.
हॉस्पिटलचा काटा दोनशे ग्रॅम पुढे आहे,
हेही त्यांनीच सांगितलं, डोळे मिटून.
पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर,
दिवसातून सहादा, चौदा महिने,
डोकं माझ्या डाव्या खांद्यावर.
पाठ सरळ, असं तेव्हा
कुणी लिहून दिलं नव्हतं.

एकशे दहाच्या भावाने नऊ किलो सहाशे ऐंशी,
एक हजार चौसष्ट रुपये ऐंशी पैसे.
ऐंशी पैसे हातिमभाईंनी सोडले,
दांडी आणि चिमटे वेगळे.

लोकमान्य नगरला पोचेपर्यंत
पिशवीचा एक बंद तुटला.
शिलाईमशीनच्या तेलाचा बोळा फिरवला,
खालच्या धारवाडकरांची झोप मोडू नये म्हणून
सतरंजी चौपदरी घातली.
आरशासमोर उभी राहिले,
गुडघे थोडे सैल, श्वास आत,
उचलली.

दांडी डावीकडे उतरते.
खाली ठेवते. चिमटे काढते.
डावीकडची उजवीकडे, उजवीकडची डावीकडे.
चिमटे लावते.
पुन्हा उचलते.

डावीकडेच.